हप्ता आधी की आगोटीची बेगमी?

दर महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान बोईसरच्या बाजाराचा चेहरा पालटतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत पगार झालेले असतात. पहिली पाळी सुटली की नवापूर रस्त्यावर माणसांची आणि रिक्षांची एकच झुंबड उडते. किराणा दुकानातली मागची उधारी चुकती होते, मुलांच्या शिकवणीची फी भरली जाते, कोणी गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवतो. तेवढ्यात खिशातला मोबाइल किणकिणतो आणि या महिन्याचा हप्ता खात्यातून वळता झाल्याचा बँकेचा निरोप येतो. वीस तारीख उजाडेपर्यंत बाजार पुन्हा थंडावलेला असतो.

असे निरोप येणारी घरे गेल्या दहा-बारा वर्षांत वाढली, यात नवल नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला ठरले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. मुंबईत ज्याला खोली परवडत नव्हती, त्या पगारदाराला इकडे स्वतःचे घर दिसू लागले. डोक्यावर हक्काचे छप्पर आले ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या छपराखाली एक प्रश्नही राहायला आला. दिवाळीचा बोनस मिळाला, भिशी लागली, ओव्हरटाइमचे चार पैसे शिल्लक पडले, तर ते कर्जात भरून मोकळे व्हावे की अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत?

यावर घरोघरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘कर्ज म्हणजे मानेवरचे जोखड, आधी ते उतरवा.’ दुसरा म्हणतो, ‘उद्या काही झाले तर कोणाच्या दारात उभे राहायचे?’ पहिला पक्ष बहुधा घरधन्याचा असतो आणि दुसरा घरधनिणीचा. पेन घेऊन हिशेब मांडायला बसले की घरधनी जिंकतो. तरीही घरधनिणीचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच.

आधी घरधन्याचा हिशेब पाहू. पंधरा लाखांचे गृहकर्ज, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली, तर हप्ता सुमारे तेरा हजार रुपये होतो. समजा या कुटुंबाजवळ दोन लाख रुपये साठले. ते कर्जात भरले तर वर्षाला सतरा हजारांचे व्याज वाचते. तेच साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर तेरा हजार मिळतात. म्हणजे पैसे जवळ ठेवल्याचा तोटा वर्षाला चार हजार. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्याबद्दल बँकांनी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बजावले आहे, त्यामुळे तीही अडचण नाही. शिवाय मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. ज्यांनी आधीच मुद्दल कमी करून ठेवले होते, त्यांना ती झळ कमी बसली. तेव्हा कर्ज लवकर फेडा म्हणणारा चुकीचे सांगत नाही.

मात्र या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे. वर्षाचे बाराही महिने पगार वेळेवर येणार, ही ती गोष्ट. अणुवीज केंद्रातल्या कायम नोकरदाराला ती धरता येईल. वसाहतीतल्या रसायनाच्या किंवा कापडाच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या माणसाला ती कशी धरता येणार? मालाची मागणी घटली की पहिली गदा त्याच्यावर येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद ठेवण्याचा आदेश काढला की दोष कोणाचाही असो, पगार त्याचा थांबतो. अपघाताचे भय वेगळेच. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी या वसाहतीत झालेल्या स्फोटाने अनेक जीव घेतले आणि त्याचा हादरा दूरच्या गावांपर्यंत जाणवला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कर्जात जादा भरलेले पैसे पुढच्या हप्त्यांपोटी जमा धरले जात नाहीत. त्यांनी मुद्दल घटते, मुदत कमी होते. पण पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला पुरताच द्यावा लागतो. ‘मी गेल्या वर्षी दोन लाख जास्तीचे भरले होते, आता तीन महिने थांबा,’ असे बँकेला सांगून चालत नाही. काही बँका गृहकर्जाला जोडून असे खाते देतात की त्यात जादा भरलेली रक्कम पुन्हा काढता येते. ती सोय असेल तर उत्तमच. नसेल तर बँकेच्या पोटात गेलेला पैसा गरजेच्या रात्री परत मिळणार नाही, हे समजूनच तो भरावा.

हे सारे आपण २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिले. मार्चअखेर टाळेबंदी लागली, लोकलगाड्या थांबल्या, वसाहतीतल्या असंख्य चिमण्यांचा धूर बंद झाला. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली आणि पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. ‘हप्ते माफ झाले’ अशीच अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात व्याजाचे घड्याळ चालूच होते. व्याजावरील व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यात थोडा दिलासाही मिळाला, पण मूळ व्याज काही सुटले नाही. वर मांडलेले पंधरा लाखांचे कर्ज अगदी नवे असताना सहा हप्ते थांबवले, तर हप्ता तोच ठेवून ते फिटायला जवळपास अडीच वर्षे जास्त लागतात. सहा हप्त्यांची उसंत आणि तीस हप्त्यांची किंमत! ज्या घरात चार-सहा महिन्यांची शिल्लक होती, त्या घराला ही मुभा घ्यावी लागली नाही. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, मंगळसूत्र तारण ठेवले, नाही तर सावकार गाठला.

आता घरधनिणीचा हिशेब मांडू. पैसे जवळ ठेवल्याचा तोटा वर्षाला चार हजार, हे आपण पाहिले. अडचणीच्या वेळी खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी साठ हजार रुपये घेतले, तर नुसते व्याजच महिन्याला तीन हजार होते. दीड महिना पुरा होण्याआधीच वर्षभराचा तो ‘तोटा’ वसूल झालेला असतो. म्हणून ते चार हजार रुपये तोटा नव्हेत, तो विम्याचा हप्ता आहे. वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून विम्याचे पैसे बुडाले, असे शहाणा माणूस म्हणत नाही.

हे शहाणपण आपल्याकडे नवे नाही. सातपाटीच्या कोळीवाड्यात कोणालाही विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. बोटीवर कर्ज असो वा नसो, उन्हाळ्यात बोंबील वाळतात, जवळा-करंदी डब्यांत भरली जाते, मसाले कुटले जातात, लाकूडफाटा रचला जातो. ही आगोटीची बेगमी. कर्ज फिटल्यावर बेगमी करू, असे कोणती कोळीण म्हणते? पाऊस कर्जफेडीसाठी थांबत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. तिला निदान पावसाची तारीख कळते. कारखान्यातल्या माणसाची आगोट तर न सांगता येते.

ज्यांना बेगमी करताच येत नव्हती त्यांचे काय झाले, तोही इतिहास याच मातीतला आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ ही पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडेसे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे. कर्ज लहान असे; पण हातात काहीच नसताना आणि अटी समोरच्याने ठरवल्या असताना ते घेतलेले असे. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेतून वारल्यांनी वेठबिगारीला नकार दिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा सांगितला आहे. आजचा हप्तेवाला लग्नगडी नव्हे, कायदा आणि काळ दोन्ही बदलले आहेत. पण गरजेच्या दिवशी रिकाम्या हाताने गेलेल्याला अटी घालता येत नाहीत, हा त्यातला धडा बदललेला नाही.

मग करावे काय? आमच्या मते क्रम असा असावा. पहिली पायरी, एका महिन्याचा घरखर्च, हप्त्यासह, बाजूला काढावा. कर्ज कितीही असले तरी ही पायरी सोडू नये, कारण तिच्याशिवाय मुलाचे एक आजारपण नवे कर्ज घेऊन येते. दुसरी पायरी, महाग कर्ज मोडून काढावे. सावकार, क्रेडिट कार्ड आणि चढ्या व्याजाची वैयक्तिक कर्जे इथे येतात. कार्डावर चाळीस हजार थकले असतील आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर महिन्याला चौदाशे रुपये जातात. तेवढीच रक्कम ठेवीत असेल तर महिन्याला सव्वादोनशे रुपयेही मिळत नाहीत. इथे ठेव कुरवाळत बसणे हा शुद्ध वेडेपणा. इथे घरधन्याचेच ऐकावे. तिसरी पायरी, शिल्लक वाढवावी. नोकरी कायम असेल तर तीन महिन्यांची, ठेकेदारीची किंवा स्वतःच्या धंद्याची असेल तर सहा महिन्यांची. एवढे झाल्यावर उरलेला प्रत्येक रुपया खुशाल गृहकर्जात भरावा.

ही शिल्लक ठेवायची कुठे, हाही प्रश्न लहान नाही. पूर्वी ती तांदळाच्या डब्यात असे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि अशा कितीतरी डब्यांची गुपिते नवऱ्यांना कळली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. बँकेतल्या ठेवींचे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेले. पण पतसंस्थांतल्या ठेवींना ते लागू नाही. तेव्हा एक टक्का जास्त व्याजाच्या मोहाने हा पैसा नेऊ नये आणि शेअर बाजारातही लावू नये. एक महिन्याचा खर्च बचत खात्यात, बाकीचा लहान लहान मुदत ठेवींत ठेवावा, म्हणजे एक मोडली तरी दुसऱ्या शाबूत राहतात. खाते पगाराच्या खात्याहून वेगळे असावे आणि नवराबायको दोघांच्या नावावर असावे. हातात पैसा दिसला की पाहुण्यांचे लग्न आणि नवा टीव्ही दोन्ही आठवतात. त्यावर वेगळे खाते हाच उपाय.

‘महिनाअखेर शंभर रुपये उरत नाहीत, तिथे ही पायरी कुठून चढायची?’ असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न खरा आहे. महिना हजार रुपयांची आवर्ती ठेव दोन वर्षांत व्याजासह पंचवीस हजारांच्या वर जाते. ज्याला हजार जमत नाहीत त्याने पाचशेने आरंभ करावा. पण सारा भार त्याच्याच शहाणपणावर टाकून चालणार नाही. ठेका कामगारांचा पगार ठरल्या तारखेला होणे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो तसाच तो भरलाही जाणे आणि कर्ज देताना हप्त्यानंतर घरात काय उरते हे बँकेने पाहणे, या गोष्टी मेहेरबानीच्या नाहीत. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये सरकारला आदिवासी कुटुंबांसाठी चार हजार रुपयांचे खावटी अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, द्यावे लागले. बेगमी नसलेल्या घराची जबाबदारी शेवटी समाजावरच येते, एवढे त्यातून सर्वांनी समजून घ्यावे.

कर्ज फिटल्याचा कागद हातात येतो तो दिवस मोठाच असतो. तो दोन वर्षे उशिरा आला तरी चालेल. पण मधल्या एखाद्या काळ्या महिन्यात घरातले सोने किंवा घरच गेले असे होऊ नये. पुढच्या रविवारी नवराबायकोने वही घेऊन बसावे आणि आपल्या घरची आगोट किती महिन्यांची धरायची, एवढे ठरवावे. हप्ता किती भरायचा ते त्यानंतर आपोआप ठरेल.