अंगठ्याचा ठणका : निदानाची घाई नको

उपवासाचे पारणे होऊन एक-दोन दिवस उलटलेले असतात आणि मध्यरात्री पायाच्या अंगठ्यात असह्य ठणका उठतो. सांधा लाल, गरम व सुजलेला. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. घरात कोणी ‘मुरगळले असेल’ म्हणतो, तर कोणी युरिक ॲसिडचा जुना अहवाल पाहून ‘गाउट’ ठरवून मोकळा होतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरू शकतात.

गाउट हा मांसाहार व मद्यपान करणाऱ्यांचाच रोग, असा समज रूढ असल्याने शाकाहारी कुटुंबांत त्याची शंका उशिरा येते. वस्तुतः बहुतांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच निर्माण करते. आनुवंशिकता, स्थूलता, मूत्रपिंडाचे विकार आणि लघवी वाढविणारी औषधे यांमुळे ते साचते. चौविहार उपवासात शरीरातील पाणी घटते, शिवाय चरबी जळताना निर्माण होणारी कीटोन द्रव्ये युरिक ॲसिडच्या उत्सर्जनास अडथळा आणतात.

तथापि केवळ रक्ततपासणीवर विसंबणे योग्य नव्हे. ऐन झटक्यात युरिक ॲसिडचे प्रमाण सामान्य दिसू शकते. म्हणून झटका ओसरल्यावर काही आठवड्यांनी ते पुन्हा तपासतात. उलटपक्षी, ते वाढलेल्या बहुसंख्य व्यक्तींना गाउट कधीच होत नाही.

खात्रीचा पुरावा सांध्यातील द्रवात असतो. युरेटचे सुईसारखे स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने ओळखण्याची पद्धत मॅकार्टी व हॉलँडर यांनी १९६१ मध्ये मांडली. वृद्धांच्या गुडघ्यात बहुधा आढळणाऱ्या ‘स्यूडोगाउट’मध्ये स्फटिक कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात.

सर्वांत घातक गफलत होते ती जंतुसंसर्गाबाबत. संसर्गाने पू झालेला सांधाही तसाच लाल व गरम दिसतो, आणि उपचार लांबल्यास काही दिवसांतच कायमचा निकामी होऊ शकतो. गाउट समजून घेतलेले स्टिरॉइड अशा वेळी अपायकारक ठरते. दोन्ही विकार एकाच सांध्यात एकत्र असू शकतात, म्हणून पूर्वी गाउट झालेल्यानेही गाफील राहू नये. ताप, थंडी वाजणे किंवा मधुमेह असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे, त्यांनी व्रताचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा व चालू औषध मनाने बंद करू नये. पावती पाहिल्याविना खात्यात रक्कम जमा न धरणाऱ्या घराने रोगाचे नावही तपासणीविना मांडू नये.