कोटणीसांना काय झाले होते?

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात एक प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही. माणूस डॉक्टर होता, त्यामुळे तर हे अधिकच चमत्कारिक. प्रश्न साधा आहे : त्यांना झाले काय होते?

वयाच्या ३२ व्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवर, कामावर असताना एक माणूस मरतो. कोणत्याही घरात अशी बातमी आली तर पहिला उद्गार हाच असेल. सोलापुरातल्या व्यासपीठांवर मात्र या प्रश्नाची जागा आधीच भरलेली असते. ‘अहोरात्र रुग्णसेवा करीत देह ठेवला’, ‘चीनच्या भूमीवर प्राणार्पण केले’, ‘सेवेच्या यज्ञात आहुती दिली’. ही वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आणि वैद्यकाच्या दृष्टीने निरर्थक आहेत. रुग्णसेवा हे मृत्यूचे कारण म्हणून कोणत्याही दाखल्यावर लिहिता येत नाही. कोटणीसांना अपस्मार होता. आपण घरी ज्याला फेफरे, फिट किंवा आकडी म्हणतो, तो. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांमागून झटके येऊन ते गेले. ही माहिती गुप्त नाही. कोणत्याही बऱ्या चरित्रात ती सापडते. ती सापडते आणि तेथेच राहते, भाषणात उतरत नाही. आमची तक्रार या न उतरण्याविषयी आहे.

आधी थोडा तपशील. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि १९३८ साली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली; ते परतले नाहीत. सहकारी एकेक करून मायदेशी आले, बसूही १९४३ मध्ये आले. कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथेच शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना बाप गेला. शल्यशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक ते त्या दिवसांत लिहीत होते. ते अपुरे राहिले.

आता हा माणूस घरी परतल्यावर, म्हणजे कथेच्या रूपाने परतल्यावर, त्याचे काय झाले ते पाहू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. त्या नावात एक रिकामी खुर्ची आहे. पाच गेले, एक आला नाही, इतकेच. दोन वर्षांनी त्यावरून शांतारामबापूंनी चित्रपट काढला आणि त्याचे नाव झाले ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. न परतलेला माणूस अमर झाला. पडद्यावरचे कोटणीस प्लेगच्या साथीवर इलाज शोधून काढतात आणि त्या खटाटोपात तो रोग त्यांना स्वतःला जडतो. प्रेक्षकाच्या मनात घर करून बसतो तो हा प्लेग. चित्रपटाने इतिहास बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ मध्ये जो चित्रपट निघाला त्याची गरज वेगळी होती, आणि शांतारामबापूंना नाट्य कळत होते. पण कोणत्या रोगाच्या मागे कोणता रोग दडवला गेला, हे पाहण्यासारखे आहे. प्लेग बाहेरून येतो, शत्रूसारखा. त्याच्याशी लढता येते, लढताना पडता येते. अपस्मार माणसाच्या आतून येतो. भर सभेत येतो, जेवताना येतो, तोंडाला फेस आणतो, कपडे ओले करतो. त्याचा पुतळा होत नाही.

सोलापूरला हे विशेष जड जाते, त्याला कारण आहे. हे हुतात्म्यांचे शहर आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, तेव्हा कोटणीस वीस वर्षांचे होते. चार हुतात्म्यांच्या त्या साच्यातच या शहराने पुढे प्रत्येक मोठे मरण ओतले. पण फासावर जाणे आणि आजारी पडून मरणे यांत फरक आहे, आणि तो फरक दुसऱ्याला कमी लेखणारा नाही. ‘हुतात्मा’ या शब्दात आहुती आहे. आजारी माणूस आहुती देत नसतो, तो आजारी असतो. त्याला अंथरूण, औषध आणि रजा हवी असते.

औषध तरी होते का? होते. फेनोबार्बिटोन हे अपस्मारावर १९१२ पासून वापरात होते. ज्या वर्षी कोटणीस बोटीत बसले त्याच १९३८ मध्ये बोस्टनमधील दोघा संशोधकांनी फेनिटॉइनचा गुण दाखवून दिला. ते आजही दिले जाते. मात्र कोटणीस जेथे होते त्या सीमाभागाची जपान्यांनी कोंडी केलेली होती, साध्या औषधांचीही तेथे वानवा होती. उपचारासाठी आघाडीवरून मागे जावे असे त्यांना सुचवले गेले होते आणि त्यांनी ते मानले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भाषणांना नेमके येथेच भरते येते. ‘मानले नाही’ हा सद्गुण म्हणून सांगितला जातो. आम्ही असे विचारतो की, आपण गेलो तर मागे शस्त्रक्रिया करायला कोण आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या नकाराला निवड म्हणायचे की टंचाई? बदलीला माणूस नव्हता, हा सत्काराचा विषय कसा होतो?

नॉर्मन बेथ्यून यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. कॅनडाचा हा सर्जन कोटणीसांच्या आधी त्याच आघाडीवर होता. शस्त्रक्रिया करताना त्याच्या बोटाला जखम झाली, रक्तात विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला तो गेला. बेथ्यूनचा आजार कोणी लपवत नाही. उलट ते बोट त्याच्या कथेचा कळस आहे, कारण ती जखम कामानेच दिलेली होती. सुरी, बोट, मृत्यू : धागा सरळ आहे. कोटणीसांच्या बाबतीत धागा असा सरळ नाही, म्हणून तो कापून टाकला जातो.

ही निव्वळ भावनेची गोष्ट असती तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. पण हाच भेद आपल्या कायद्यातही आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अशी भाषा रूढ केली की इजा नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात उद्भवलेली असली पाहिजे. रोग असेल तर तो अनुसूचीतल्या यादीत असला पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने कायदा बदलला, पण ही भाषा आणि ही यादी सांभाळली. शिसे, पारा, सिलिकोसिस यादीत आहेत. कामासाठी परगावी गेलेल्या माणसाला तेथल्या पाण्याने कावीळ झाली, जागरणाने जुनी फिट उलटली, तर ते त्याचे त्याने पाहावे. समाजाची यादीही अशीच आहे, फक्त ती छापलेली नाही. गोळी, प्लेग, सुरीची जखम : सन्मान्य. हगवण, रक्तस्राव, नैराश्य, फेफरे : खासगी.

हा ‘खासगी’ माल सोलापूर जिल्ह्यात किती फिरतो, हे पाहायला चीनला जायला नको. राज्यात साखर कारखान्यांची दाटी असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक. दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या येतात, पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. एक दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. ज्या व्यवस्थेत ताप येण्याला दंड आहे, तिथे बाई आजारी पडत नाही, आजाराचे मूळच कापून टाकते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीने झाल्या असे कोणी म्हणणार नाही. डॉक्टरांची हाव आणि दाखवलेली कर्करोगाची भीती त्यात आहेच. परंतु महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत हे त्या बायकांनीच सांगितले होते. त्यांच्यावर चित्रपट निघाला तर त्यांना कोणता रोग द्यावा लागेल, याचा विचार आम्ही कधीकधी करतो.

किंवा एसटीचा चालक घ्या. मुक्कामाची गाडी घेऊन तो आडगावी जातो आणि बऱ्याचदा गाडीतच झोपतो. वाहन परवान्याच्या अर्जासोबत प्रकृतीचे जे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात अपस्माराचा प्रश्न आहे. तो असलाच पाहिजे. चाळीस प्रवाशांचा जीव मोठा आहे. पण ‘होय’ लिहिले की पोट गेले, आणि दुसरे काम देण्याची हमी कोणी देत नाही. मग माणूस ‘नाही’ लिहितो आणि गोळी लपवून खातो, किंवा गोळीही खात नाही. लपवणे हा त्याचा दोष म्हणून आपण मोकळे होतो. कोटणीसांनी काम सोडले नाही तो त्याग, चालकाने सोडले नाही तो गुन्हा.

येथे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की झटके येणाऱ्या माणसाने शस्त्रक्रिया करणे तरी योग्य होते का? प्रश्न रास्त आहे. आमच्यापाशी त्याचे तयार उत्तर नाही. युद्धभूमीवर, दुसरा सर्जन नसताना, त्याचे उत्तर एक येईल. सोलापूरच्या एखाद्या रुग्णालयात दुसरे. पण हा प्रश्न निदान विचारण्यासाठी कोटणीस आजारी होते हे आधी मान्य करावे लागते. अमर माणसाविषयी असले प्रश्न पडत नाहीत. त्यापेक्षा, आमच्यातल्या एकाने एका वैद्यकीय समारंभात ऐकले तसे, छत्तीस तासांची पाळी करून डोळे तारवटलेल्या निवासी डॉक्टरांना ‘कोटणीस बहात्तर तास उभे होते’ हे ऐकवणे सोपे असते. टाळ्याही होतात. अपस्मार असलेल्याला जागरण हे विष आहे, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ असणार; कोणी बोलले नाही.

आणखी एक तारीख नोंदवून ठेवतो. भारतीय टपाल खात्याने कोटणीसांचे तिकीट १९९३ मध्ये काढले. त्या वर्षी हिंदू विवाह कायद्यात, १९७६ च्या दुरुस्तीने घातलेली, अशी तरतूद होती की ज्याला वेड वा अपस्माराचे झटके वारंवार येतात त्याचा विवाह रद्द ठरवता यावा. अपस्माराचा शब्द त्यातून वगळला गेला तो १९९९ मध्ये. म्हणजे ज्याचा चेहरा आपण पाकिटावर चिकटवत होतो, त्याच्यासारख्या माणसाच्या संसाराला आपला कायदा मोडता येण्याजोगा समजत होता. चीनमध्ये कुओ छिंगलान यांनी संसार केला. इकडे स्थळ पाहताना ‘मुलाला फिट येत नाही ना’ हे आजही दबक्या आवाजात विचारले जाते, आणि दबक्या आवाजात ‘छे, छे’ असे उत्तर मिळते.

खरे कोटणीस या घरांना फार उपयोगी पडले असते. अपस्मार असताना रुग्णालय चालवणारा, शिकवणारा, परकी भाषा आत्मसात करणारा, लग्न करणारा, मूल वाढवू पाहणारा माणूस, आणि तो आपल्याच गावचा. सोलापूरच्या दवाखान्यांत कलबुर्गी, विजयपूर, धाराशिव, लातूर इथून आई-बाप मुलांना घेऊन येतात. त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे की ज्या डॉक्टरचे या शहरात स्मारक आहे, त्याला त्यांच्या मुलाचाच आजार होता? ही ओळख आपण त्यांच्यापासून काढून घेतली आणि बदल्यात त्यांना एक प्लेग दिला.

पुढच्या ९ डिसेंबरला हार घालावाच. त्यानंतर एका मेंदूविकारतज्ज्ञाला बोलवावे आणि मैत्रीचे गोडवे अर्ध्या तासाने कमी करावेत. झटका आलेल्याला चप्पल वा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करावी, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा झटका आला, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.