जिल्हा परिषद कन्या प्रशालेच्या नावाबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद

विषय : कन्या प्रशालेचे परस्पर बदललेले नाव पूर्ववत करणे, विद्यार्थिनींची कागदपत्रे दुरुस्त करून देणे व नव्या नावाचा निर्णय उघड सभेत घेणे.

संदर्भ : १) याच विषयावरील आमची यापूर्वीची निवेदने. २) उपोषण सोडताना आपल्या कार्यालयाने दिलेले लेखी आश्वासन.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या येथील जिल्हा परिषद कन्या प्रशालेच्या माजी विद्यार्थिनी आणि सध्या शिकणाऱ्या मुलींचे पालक आहोत. हा विषय आपल्या कार्यालयाला नवा नाही. आमच्या प्रत्येक निवेदनाची पोच आमच्याजवळ आहे, उत्तर एकाचेही नाही. म्हणून पुन्हा लिहीत आहोत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना प्रवेशद्वारावरची जुनी पाटी पुसून तिथे तालुक्यातील एका दिवंगत नेत्याचे नाव रंगवण्यात आले. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मुलींनीच ते प्रथम पाहिले. ठराव कोणी मांडला, कुठल्या सभेत मंजूर झाला, हे मुख्याध्यापिकांना ठाऊक नव्हते आणि शाळा समितीच्या सदस्यांनाही नव्हते. त्या वेळी जिल्हा परिषदेत निवडून आलेले सभागृह नव्हते, प्रशासक होते. माहिती अधिकारात विचारले तेव्हा ठरावाची प्रत मिळाली नाही, ‘अभिलेख आढळून येत नाही’ एवढे मिळाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, ते राजपत्रात आले. त्यावर हरकती घेता आल्या, लोकांना न्यायालयात जाता आले. आमच्या शाळेचे नाव एका रंगाऱ्याने बदलले आणि त्याला कोणी सांगितले, हे आजवर कळलेले नाही.

ज्यांचे नाव दिले त्यांच्याविषयी आमच्या मनात अनादर नाही. शाळेच्या नव्या खोल्या त्यांच्या प्रयत्नाने मंजूर झाल्या, हे आम्ही जाणतो. त्यांचे नाव द्यावे असे प्रामाणिकपणे वाटणारी माणसे गावात आहेत, त्यांतले काही आमचे नातेवाईकच आहेत. काहींना सावित्रीबाईंचे नाव हवे आहे, काहींना फातिमा शेख यांचे. जुन्या शिक्षिका म्हणतात, पूर्वीचेच नाव असू द्या. आमच्यातील बहुतेकींना वाटते की मराठवाड्यातल्या मुलींच्या शाळेला जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव द्यावे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध उभी राहिलेली ही बाई आमच्या मुलींना माहीत नाही, कारण तिचे नाव त्यांच्या कानावर पडण्याची सोयच आपण केलेली नाही. पण हे आमचे मत झाले. उघड सभेत ते पडले तर आम्ही मान्य करू. नाव सभेत ठरावे, सगळ्यांसमोर ठरावे, एवढाच आमचा आग्रह आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विधिमंडळात ठराव झाला आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात या भागात घरे जळाली, माणसे गेली. नावाचा प्रश्न लोंबकळत ठेवला की काय होते, हे मराठवाड्यातल्या अधिकाऱ्यांना आम्ही सांगावे असे नाही.

आता ज्या गोष्टीने आम्हाला सर्वाधिक त्रास होतो आहे, ती सांगतो. पाटी बदलली, पण कागद बदलले नाहीत. यू-डायसमध्ये जुने नाव आहे. विभागीय मंडळाच्या सांकेतांकापुढे जुने नाव आहे. शाळेत मात्र तोंडी सूचनेवरून नवा गोल शिक्का आणि नवे लेटरहेड वापरात आले. त्यामुळे एकाच मुलीच्या बोनाफाईडवर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आणि दहावीच्या अर्जाच्या प्री-लिस्टमध्ये पुन्हा पहिले. दहावी होऊन तंत्रनिकेतनात प्रवेशाला गेलेल्या मुलीला पडताळणीच्या खिडकीवर सांगितले गेले की ही शाळा यादीत दिसत नाही, दुरुस्ती करून आणा. ती शाळेत आली. शाळेने पंचायत समितीकडे पाठवले, पंचायत समितीने माध्यमिक विभागाकडे, आणि माध्यमिक विभागाने पुन्हा शाळेकडे. तोवर प्रवेशाची फेरी संपली. ती आज घरी आहे. तिच्या वडिलांनी आपल्या कार्यालयात दिलेल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.

एसटीच्या पासचेही तेच. ग्रामीण भागातील मुलींना मोफत प्रवासाचा पास मिळतो, म्हणून तर तांड्यावरच्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुली आमच्या शाळेत येतात. शाळेने नव्या लेटरहेडवर यादी पाठवली. आगारात नोंद जुन्या नावाची, म्हणून यादी परत आली. सुरुवातीचे आठवडे ज्यांना तिकिटाचे पैसे परवडले त्या आल्या, ज्यांना परवडले नाहीत त्या घरी राहिल्या. वयात आलेली मुलगी महिनाभर घरी राहिली की तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. काहींची नावे पटावर आहेत, मुली वर्गात नाहीत. यात मुलींचा काय दोष?

जात पडताळणीचे प्रकरण तर याहून किचकट आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. तांड्यावरच्या अनेक घरांत असा कागद एकच, तो म्हणजे आजीचा किंवा आत्याचा आमच्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा. कुणबी नोंदींच्या शोधातही हीच नोंदवही कितीदा उघडली गेली. नोंदवहीवर जुने नाव, उताऱ्यावर शिक्का नवा. दक्षता पथकाने त्यावर शेरा मारला की वैधता लांबते, आणि वैधता लांबली की बारावीनंतरचा राखीव जागेचा प्रवेश हातचा जातो. मुलीच्या आजीने शाळेचे तोंड पाहिले म्हणून जो हक्क मिळाला, तो एका शिक्क्यापायी अडकला आहे.

नव्या पाटीवरून ‘कन्या’ हा शब्दही गेला आहे. मुलांच्या शाळेत समायोजन करण्याची ही तयारी आहे, अशी भीती पालकांत आहे. तसे नसेल तर आपण तसे लेखी सांगावे.

आश्वासनांची आठवण करून देणे भाग आहे. पहिल्या भेटीत पंधरा दिवसांत पाटी उतरवण्याचा शब्द मिळाला होता. नंतर आचारसंहितेचे कारण सांगण्यात आले. आचारसंहिता संपल्यावर ‘वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवले आहे’ असे कळवण्यात आले, ते मार्गदर्शन अजून वाटेतच आहे. शेवटी आम्ही पंचायत समितीसमोर उपोषणाला बसलो. तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी लिंबूपाणी देऊन लेखी आश्वासन दिले की दिवाळीपूर्वी विशेष शिबिर घेऊन सर्व दाखले दुरुस्त केले जातील. त्या कागदावर सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. दिवाळी झाली, संक्रांत झाली, दहावीची परीक्षाही झाली. शिबिर झालेले नाही. त्या कागदावर विश्वास ठेवून वयस्कर बायांनी उपोषण सोडले होते, याचा आपण विचार करावा.

म्हणून आमची मागणी अशी की जुनी पाटी, जुना शिक्का आणि जुने लेटरहेड तातडीने परत आणावे. बदललेल्या नावाने दिलेला प्रत्येक दाखला शाळेतच, विनाशुल्क, मुलीला हेलपाटे न घालता दुरुस्त करून द्यावा. ‘दोन्ही नावांची शाळा एकच आहे’ असे आपल्या सहीचे पत्र विभागीय मंडळ, एसटी आगार आणि जात पडताळणी समितीला पाठवावे व त्याची प्रत प्रत्येक पालकाला द्यावी. ज्या मुली घरी बसल्या आहेत त्यांच्या घरी शिक्षण विभागाने जाऊन त्यांना शाळेत आणावे. एका मुलीचे वर्ष गेले आहे, तिला येत्या फेरीत प्रवेश मिळेपर्यंत एका अधिकाऱ्याने नावानिशी जबाबदारी घ्यावी. नवे नाव ठरवायचे असेल तर आधी पालकसभा, मग ग्रामसभा व्हावी, दवंडी देऊन, आणि बायकांना येता येईल अशा वेळी.

याखेरीज विज्ञान शिक्षकाचे रिक्त पद भरावे. स्वच्छतागृहाला पाणी द्यावे. संरक्षक भिंत पूर्ण करावी.

शाळा जूनमध्ये पुन्हा भरेल. पासच्या याद्या आणि अकरावीचे प्रवेश त्याच सुमारास असतात. त्याआधी दुरुस्ती शिबिराची तारीख आम्हाला लेखी कळवावी. ती न कळल्यास शाळा भरण्याच्या पहिल्या दिवशी आम्ही माजी विद्यार्थिनी आणि पालक मुलींसह आपल्या कार्यालयासमोर उपोषणाला बसू, आणि या वेळी आश्वासनाच्या कागदावर उठणार नाही. दुरुस्त झालेले दाखले मुलींच्या हातात पडल्यावरच उठू.

आपल्या विश्वासू,
जिल्हा परिषद कन्या प्रशालेच्या माजी विद्यार्थिनी व पालक
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मा. गटशिक्षणाधिकारी; पोलीस ठाणे.