अँटीबॉडी ‘किती आल्या’?

‘फुल बॉडी चेकअप’ नावाची जी पॅकेजं हल्ली मिळतात, त्यातल्या काहींत साखर, थायरॉइड, डी जीवनसत्त्व यांच्या पंक्तीला अजूनही कोविड अँटीबॉडी बसलेली दिसते. मग असा रिपोर्ट हातात घेऊन माणसं माझ्याकडे येतात. म्हणतात, ‘मॅडम, अँटीबॉडी फार घसरल्यात हो.’ मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यात छोटी लॅब चालवते. धंद्याच्या दृष्टीनं हे लिहिणं शहाणपणाचं नाही, पण ही तपासणी पॅकेजमधून सरळ काढून टाकावी असं माझं मत आहे.

२०२०-२१मध्ये लॅबच्या बाकावर दहावीच्या मार्कांसारखी विचारपूस चालायची. ‘किती आल्या?’ ‘दोनशेच्या वर.’ ‘बापरे, मला सतराच.’ सतरावाल्याचा चेहरा पडायचा. त्याला बिचाऱ्याला दोन दिवस कणकण येऊन गेलेली असायची, एवढंच.

त्या काळातलं पेठेतलं एक जोडपं लक्षात राहिलं आहे. काकांना चार दिवस ताप, अंगदुखी, खोकला, स्वॅब पॉझिटिव्ह. काकूंना ताप असा आलाच नाही, फक्त फोडणीतल्या हिंगाचा वास येईनासा झाला. घरात एकाला निघालाय म्हटल्यावर त्यांचा स्वॅब कोणी केलाच नाही. पुढे दीड-दोन महिन्यांनी दोघं रक्त द्यायला आले. पिवळ्या टोपणाच्या दोन नळ्या सेंट्रिफ्यूजमधून निघाल्या, दोन्हींत जेलच्या वर सारखंच फिकट सिरम. काकांचा रिपोर्ट ठणठणीत पॉझिटिव्ह, काकूंचा निगेटिव्ह. काका लगेच म्हणाले, ‘म्हणजे तुला झालाच नव्हता.’ काकू म्हणाल्या, ‘मग माझा वास तीन आठवडे कुठं गेला होता?’

वैद्यकीयदृष्ट्या काकूंचा प्रश्न रिपोर्टपेक्षा सरस होता. विषाणू शरीरात किती वाढला, किती दिवस राहिला, दाह किती झाला, यावर साधारणपणे अँटीबॉडीचं प्रमाण ठरतं. नाकाघशात थोडक्यात आटोपलेल्या संसर्गात त्या कमी तयार होतात, काहींच्या रक्तात तर तपासणीला सापडण्याइतक्याही होत नाहीत. सगळ्यात मोठे आकडे बहुधा कोणाचे असायचे? ऑक्सिजनवर, आयसीयूत राहून आलेल्यांचे. तो आकडा पाहून हेवा करावा असं त्यात काय आहे? तो आजार किती झाला ते सांगतो, माणूस किती दणकट आहे ते नाही.

आता घसरणीचं. जुलै २०२०मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी प्रामुख्यानं सौम्य आजार झालेल्या ३४ जणांच्या अँटीबॉडी महिना-सव्वा महिन्यात निम्म्यावर येत असल्याचं दाखवलं आणि प्रतिकारशक्ती टिकतच नाही अशी बोंब उठली. पण कुठल्याही संसर्गानंतर असंच होतं. सुरुवातीला घाईनं अँटीबॉडी ओतणाऱ्या पेशी थोड्याच दिवसांत मरतात, त्यामुळे आकडा भराभर उतरतो. काही पेशी मात्र अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं थोडंथोडं काम करत बसतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाला २०२१मध्ये अशा पेशी बहुतांशी सौम्य आजार होऊन गेलेल्यांच्या मज्जेत सापडल्या, आजारानंतर सात-आठ महिन्यांनी. याखेरीज स्मृतिपेशी आहेत, टी-पेशी आहेत, नाकाच्या अस्तरातल्या अँटीबॉडी आहेत. दंडातून काढलेल्या पाच मिली रक्तावरच्या या रिपोर्टात यातलं काहीच उमटत नाही.

त्यात किटांची गंमत. एका कंपनीच्या किटवर ०.८च्या पुढे पॉझिटिव्ह, दुसरीच्या किटवर ५०च्या पुढे, एककंही वेगळी. एक किट विषाणूच्या काट्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतं, दुसरं आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या. कोविशील्ड घेतलेल्या माणसात काट्याविरुद्धच्या अँटीबॉडी लशीनंही येतात, म्हणजे त्या रिपोर्टावरून आजार होऊन गेला की नाही हे सांगताच येत नाही. कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूची, तिथं दुसऱ्या किटचाही घोळ होऊ शकतो. लशीनंतर प्रतिकारशक्ती जोखायला ही तपासणी वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध नियामकानं मे २०२१मध्येच सांगितलं होतं. आपल्याकडे त्याच सुमारास ती सवलतीत मिळत होती!

तपासणी टाकाऊ आहे असं मात्र नाही. पुण्याच्या एनआयव्हीनं २०२०च्या मे महिन्यात ‘कोविड कवच’ किट तयार केलं, ते मुख्यतः समूहात संसर्ग किती पसरला हे पाहायला. त्या उन्हाळ्यानंतर पुण्याच्या पाच प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात ५१.५ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या. मुंबईत तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के. रोजच्या रुग्णसंख्येच्या तक्त्यांत हे चित्र दिसत नव्हतं. काकूंसारख्या निसटलेल्या धरल्या, तर खरा आकडा आणखी वरच असणार. मुलांना कोविडनंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या त्या गंभीर दाहाच्या आजारात स्वॅब बहुधा निगेटिव्ह असायचा, तेव्हा अँटीबॉडीनंच बालरोगतज्ज्ञांना दिशा दिली. समोर नेमका प्रश्न असेल तर ही तपासणी करावी, मीही करते. पॅकेजमध्ये प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

आणि खोट्या धास्तीपेक्षा खोटा नकार मला जास्त खुपतो. सौम्य आजारानंतर महिनोन्महिने थकवा, धडधड, डोक्यात धुकं घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांत बायका बऱ्याच. स्वॅब झालेला नाही, अँटीबॉडी निगेटिव्ह. मग ऑफिसात ‘नाटकं’, घरी ‘मनाचे खेळ’. फाइलीत तो निगेटिव्ह रिपोर्ट सगळ्यात वर लावलेला असतो आणि डॉक्टरही तो पाहून पुढचं विचारायचे थांबतात. अशा रुग्णाला आधी लक्षणांच्या तारखा विचाराव्यात, त्या आठवड्यात घरात आणखी कोण आजारी होतं ते विचारावं, आणि तो कागद फाइलीच्या तळाशी सरकवावा.