चुनखडकाचा डोंगर आणि उंचीचा मोह

चुनखडकाच्या एखाद्या उंच पर्वताचे वर्णन मराठीत उतरविताना खरी अडचण परिभाषेची येत नाही. ती वाचकाच्या मनातील चित्राची येते. डोंगर म्हटला की मराठी मनापुढे सह्याद्री उभा राहतो : काळा फत्तर, थरावर थर, आणि पावसाळ्यात कड्याकड्यांवरून उड्या घेणारे पाणी. चुनखडकाची रीत याहून अगदी निराळी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते, भेगांतून आत शिरते आणि दगडालाच विरघळवू लागते. मग माथा कोरडा राहतो, पोटात गुहा तयार होतात, आणि वर गडप झालेला ओहोळ दूर पायथ्याशी झरा होऊन प्रकटतो.

अशा पर्वतांचा विषय निघाला की आपण थेट एव्हरेस्टकडे धावतो. त्याचे ८,८४८ मीटर उंचीवरील शिखर सागरतळी साचलेल्या चुनखडकाचे असून त्यात ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे अवशेष आहेत. गोष्ट विलक्षण आहे, ती सांगावीच. परंतु अधारतालच्या शाळेत बसलेल्या मुलाला ती सर्वांत आधी सांगावी, हे मला मान्य नाही.

त्याच्या गावाजवळच भेडाघाट आहे. तेथे नर्मदेने जे शुभ्र कडे कापून काढले, तेही मुळात उथळ समुद्रातील गाळाचेच; भूगर्भातील उष्णता व दाब यांनी त्यांचा संगमरवर केला. त्यांचे वय दीडशे कोटी वर्षांहून अधिक, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याच्या तिपटीहून जास्त. या दगडात चुन्याबरोबर मॅग्नेशियमही असल्यामुळे सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास साध्या चुनखडकासारखा भरभर फेस येत नाही. भुकटी केल्यास काहीसा येतो. चांदण्यातील नौकाविहाराची वर्णने पुष्कळ झाली. हा साधा प्रयोग किती शाळांनी केला असेल?

याहून अधिक उपेक्षा झाली आहे ती बडा शिमला टेकडीची. दिसायला ती सामान्यच. तिच्यात लमेटा थरांचा जो चुनखडक आहे, त्याचा पुष्कळसा भाग समुद्रात झालेला नाही. जमिनीतील ओल वारंवार आटून मातीत चुना साचत गेला व त्याचा दगड बनला. शेतकऱ्याच्या परिचयाच्या कंकराचाच हा मोठा भाऊ. त्यावर दख्खनच्या लाव्ह्याचा काळा थर आहे, म्हणजे सह्याद्रीचा गोतावळा येथवर पोहोचलेला आहे. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना याच टेकडीवर प्रचंड हाडे सापडली. पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धी पावलेले स्लीमन ते हेच. त्या हाडांतील शेपटीच्या मणक्यांवरून १८७७ मध्ये लिडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. विदर्भातील वाचकांना हे थर परके नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही त्यांत डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.

२०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाटाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले, हे उत्तम झाले. मात्र सुंदर कड्यांना पाहुण्यांची वाण नसते. टेकडीचे तसे नाही. तिचा पायथा एकदा घरांनी व्यापला, तिचा मुरूम एकदा गाडीत भरला गेला, की थरांचा क्रम कायमचा नष्ट होतो, आणि त्या क्रमावाचून हाड हे नुसते हाड उरते. म्हणून जो थोडा पैसा व जे थोडे लक्ष उपलब्ध असेल, ते प्रथम या टेकडीला मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लीमन यांच्या हाडांपैकी एक मणका अनेक दशके गहाळ समजला जात होता. तो २०१२ मध्ये कलकत्त्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा आढळला. त्याची एक प्रतिकृती जबलपुरातील प्रत्येक मोठ्या शाळेत ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.