मोठा आवाज आणि नेमके ऐकणे

घरातील वृद्ध गृहस्थ 'जरा मोठ्याने बोल' असे म्हणतात आणि समोरच्याने आवाज चढविताच 'ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही' म्हणून रागावतात, हा प्रसंग बहुतेक कुटुंबांना परिचित आहे. वयोमानाचा चिडखोरपणा म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः वृद्धांची ती तक्रार शब्दशः खरी असते. हळू आवाज त्यांना ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र त्यांना इतरांइतकाच मोठा लागतो. या दोहोंमधील जी ऐसपैस जागा निरोगी कानाला लाभलेली असते, ती त्यांच्या बाबतीत आकसून गेलेली असते. श्रवणयंत्राचा सारा प्रश्न या आकसलेल्या जागेत दडलेला आहे. त्याचा विचार न करता यंत्रे विकली जातात आणि, त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे, वाटलीही जातात.

जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून कानठळ्या बसविणाऱ्या आवाजापर्यंतचे अंतर सुमारे 120 डेसिबल आहे. म्हणजे ऊर्जेच्या मापाने एकास एक लक्ष कोटी. एवढा पल्ला एकच अवयव सांभाळतो, तो कसा? गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या अंतःकर्णात सुमारे 35 मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो आणि त्यावर सूक्ष्म रोम असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूला वार्ता पोहोचवितात. बाहेरच्या रांगांतील सुमारे बारा हजार पेशींचे काम निराळे आहे. त्या स्वतःच आखडतात, लांबतात आणि पडद्याच्या कंपनात आपले बळ घालतात. हे बळ त्या सरसकट घालीत नाहीत. क्षीण आवाजाला ते 40 ते 60 डेसिबलपर्यंत मिळते. आवाज वाढत जाईल तसे ते कमी होत जाते आणि फार मोठ्या आवाजाला जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे मध्यम पातळीवर बाहेरचा आवाज 10 डेसिबलने वाढला, तरी पडद्याचे कंपन 2-3 डेसिबलनेच वाढते. वयाने, गोंगाटाने किंवा काही औषधांनी प्रथम बळी जातो तो बहुधा या बाहेरच्या पेशींचा. मदत देणारा गेला की हळू आवाज हरपतो. मोठ्या आवाजाला मुळात मदत नव्हतीच, म्हणून तो तसाच राहतो.

ही गोष्ट कळण्यास विज्ञानाला लागलेला काळ उद्बोधक आहे. मूळचे बुडापेस्टच्या टेलिफोन खात्यातील अभियंते असलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांतील पडद्यावर ध्वनिलहरी कशा सरकतात हे डोळ्यांनी पाहिले आणि त्यासाठी त्यांना 1961 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मृत कान मदत करीत नाही. युद्धकाळात रडारवर काम केलेल्या थॉमस गोल्ड या तरुणाने 1948 मध्येच केंब्रिजहून सांगितले होते की, इतके सूक्ष्म श्रवण निव्वळ निष्क्रिय पडद्याला शक्य नाही. आत ऊर्जा पुरविणारी यंत्रणा असलीच पाहिजे आणि तसे असेल तर कानातून बाहेरही आवाज येईल. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. तीस वर्षांनी, 1978 मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानातून परत येणारा तो आवाज प्रत्यक्ष टिपला. 1985 मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी पेशींचे आखडणे नोंदविले आणि 2000 मध्ये त्यामागील 'प्रेस्टिन' हे प्रथिन सापडले. आज नवजात अर्भकाची श्रवणचाचणी होते ती बहुधा केम्प यांच्या याच शोधावर.

जुनी श्रवणयंत्रे कानाच्या या विवेकाला पारखी होती. कुजबुज असो वा फटाका, सर्वांना सारखाच गुणाकार! एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने 1973 मध्ये दाखवून दिले की, ध्वनीचे उच्च-नीच पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढविला, तर बोलणे अधिक समजते. आज बहुतेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. लाउडस्पीकरच्या धंद्यात नाव कमावलेल्या या गृहस्थांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, हे बाजारभाव पाहताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात यंत्र म्हणजे कान नव्हे. गर्दीतून एकच आवाज वेगळा काढण्याची निरोगी कानाची तीक्ष्णता यंत्राने परत येत नाही. शिवाय प्रत्येकाची हानी वेगळी असते. वृद्धापकाळी बहुधा उच्च पट्टी प्रथम जाते; स्वर ऐकू येतात, पण 'स' हरवतो आणि 'सात' की 'हात' हे उमगत नाही. म्हणून श्रवणमापन करून कोणत्या पट्टीत किती वाढ द्यायची, हे श्रवणतज्ज्ञाला ठरवावे लागते आणि काही आठवड्यांनी पुन्हा बदलावे लागते. या कौशल्यावाचून उत्तम यंत्रही टेबलाच्या खणात जाते.

बाजारात मात्र यंत्र आणि ही सेवा एकाच किमतीत गुंडाळलेली असतात. कशासाठी किती मोजले, हे ग्राहकाला कळत नाही. अमेरिकेने ऑक्टोबर 2022 पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना दुकानातून थेट यंत्र घेण्याची मुभा दिली, त्यामागे किमती उतराव्यात हाच हेतू होता. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल अशांपैकी केवळ 17 टक्के लोक ते वापरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अंदाज आहे. किंमत हे त्याचे एक कारण खरे, पण एकमेव नव्हे.

भारतात दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देण्याची केंद्रीय योजना 1981 पासून आहे आणि वाक् व श्रवण या विषयाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून मुंबईत वांद्र्याला आहे. म्हणजे ना योजनेची वाण आहे ना विद्येची. तरीही यंत्रवाटपाची शिबिरे होतात, हारतुरे होतात, आणि अहवालात आकडा येतो तो वाटलेल्या यंत्रांचा. त्यांपैकी किती यंत्रे घेणाऱ्याच्या श्रवणमापनाप्रमाणे जुळविली गेली आणि सहा महिन्यांनी किती कानांवर उरली, हे दोन रकाने त्याच अहवालात घालण्यास फारसा खर्च नाही. जिल्हा रुग्णालयात एक श्रवणतज्ज्ञ कायम नेमण्यास आहे, आणि पुढल्या शिबिराच्या आधी तरतूद व्हायला हवी ती त्या पगाराची.