रेडिओचं गायरान

शेतकऱ्यासाठी रेडिओवर काय असते, असे विचारले तर उत्तर ठरलेले: हवामान, बाजारभाव, कीड आणि फवारणी. त्याची गरज आहेच. पण शेतकऱ्याला डोके काय फवारणीपुरतेच असते? साहित्य, संगीत, पाणीवाटपासारखे राजकीय प्रश्न यांवरची रूपके तेवढी शहरातल्या 'जाणकार' श्रोत्यांसाठी, ही वाटणी कुणी केली?

आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एके काळी ती मानली नव्हती. १ एप्रिल १९५५ पासून या केंद्राने वर्षभर गीतरामायण ऐकवले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, एकूण ५६ गाणी. ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक नोकरीला होता. आणि १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने याच केंद्रावरून ५ जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मते, शंका केंद्राला लिहून कळवायच्या. जिथे अशी मंडळे होती तिथल्या लोकांची माहिती बाकीच्या गावांपेक्षा बरीच वाढली, असे पाहणीत दिसले. १९५९ मध्ये ही पद्धत देशभर नेली गेली. पुढे ती थंडावली, हे सांगायला नकोच.

त्या मंडळांत गाव उलट बोलत होता. आज रूपक करायचे झाले तरी तीच कसोटी लावावी लागेल. दुष्काळावरच्या रूपकात तज्ज्ञ दहा मिनिटे आणि शेतकरी अर्धा मिनिट, तोही 'लई अडचण हाय' एवढेच म्हणणारा, असे असेल तर ते भाषणच झाले. बहिणाबाई चौधरींवर रूपक करायचे तर असोद्याच्या बायकांच्या तोंडची बोली त्यात हवी. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांमुळे कागदावर राहिल्या आणि १९५२ साली पुस्तकात आल्या. पण जात्यावरचा सूर कागदावर कसा राहणार? तो फक्त रेडिओच धरून ठेवू शकतो.

राजकीय प्रश्नांचे दुखणे वेगळे आहे. २००६ च्या धोरणाने संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ काढण्याची वाट मोकळी केली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी अशीच उभी राहिली, चांगले झाले. मात्र त्याच धोरणात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमांना मज्जाव ठेवला. म्हणजे धरणाचे पाणी कुणाच्या शेतात जाते, यावर रेडिओने बोलायचे तर ते काम आकाशवाणीवरच येऊन पडते. आणि ती सरकारची म्हणून जपून बोलणार! प्रसार भारती कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ ला. स्वायत्तता कागदावर आहे, ती वापरायला लावणारा श्रोता हवा.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर हे गायरान आहे. गायरानात कुणी खांब रोवला तर आपण दुसऱ्याच दिवशी तलाठ्याचं दार ठोठावतो. इथे मात्र 'रेडिओ आता कोण ऐकतो' म्हणून गप्प. अहो, रानात पाणी धरताना, ट्रॅक्टरवर, गोठ्यात हात कामात असतात, कान मोकळे असतात. मोबाईलच्या चित्राकडे पाहत कुणी धार काढत नाही.

तेव्हा सरपंच आणि पंचायतीच्या मंडळींनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि जवळच्या केंद्राला पत्र धाडावे. 'आमच्या भागावर कार्यक्रम करा' असे मोघम लिहू नये. विषय एकच द्यावा: एखादा वासुदेव, एखादे बंद पडलेले तमाशाचे फड, कालव्याच्या शेवटच्या टोकाला न पोचणारे पाणी. कुणाकुणाचा आवाज घ्यायचा, ते माणूस किती वाजता घरी सापडते आणि पावसाळ्यात कुठल्या वाटेने यावे लागते, तेही खाली लिहावे.